रविवारची ढोरं

बापू मोबाइल डोळ्यांपासून किती अंतरावर धरतात, हे मी सप्टेंबरपासून पाहत होते. सप्टेंबरात हातभर. दिवाळीत एक वीत. जानेवारीच्या पहिल्या रविवारी चार बोटं, आणि तेही तिरपं, उजव्या डोळ्याकडे वळवून. मी दिग्रसच्या एका दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर काचपट्ट्यांवरचं रक्त पाहणं हाच माझा धंदा आहे. माणूस अंतर कमी-जास्त करायला लागला की त्याला काय दिसत नाहीये, ते मला सहसा कळतं. बापूंच्या डाव्या बुबुळामागे साय धरली होती आणि उजव्यातही तिची सुरुवात झाली होती.

बापू म्हणजे माझे सासरे, भावसिंग राठोड. वय त्र्याहत्तर. आणि ते मोबाइलमध्ये पाहत होते ती गाय दक्षिण सुदानातली होती.

माझे यजमान फुलसिंग सैन्याच्या पशुवैद्यक विभागात ड्रेसर आहेत. हुद्दा ड्रेसरचा, पण डॉक्टरसाहेब एकच आणि जनावरं शेकड्यांनी, त्यामुळे अर्धं काम डॉक्टरचंच. आपल्या सैन्याची एक मोठी तुकडी तिथे शांतिसेनेत आहे. तिच्यासोबत एक लहानसं पशुवैद्यक पथक असतं, कारण त्या मुलखात माणसांची भांडणं ढोरांवरून होतात आणि समेटही ढोरांवरूनच. फुलसिंग वर्षभरासाठी म्हणून गेले होते. जानेवारीत चौदा महिने होत आले होते.

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. रजेच्या सगळ्या तारखा माझ्याकडे आहेत. नऊ वर्षांत आम्ही एका छपराखाली राहिलो ते दिवस सातशे चौदा. हा आकडा मी कोणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. फौजेतल्या माणसाशी लग्न केलं की असंच असतं, हे मला आधीच माहीत होतं. फक्त माहीत असणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दर रविवारी बारा वाजता फोन यायचा. तिथे तेव्हा सकाळचे साडेआठ. आठवडाभरातल्या अवघड जनावरांचे फोटो फुलसिंग आदल्या दिवशीच बापूंच्या मोबाइलवर पाठवायचे आणि बोलणं व्हायचं माझ्या मोबाइलवर, आवाज मोठा करून. ओसरीवर बापू बाजेवर बसायचे, शेजारी मांडी घालून याडी, म्हणजे माझ्या सासूबाई रुपीबाई, तुरीच्या शेंगांचे सोले काढत. माझी सहा वर्षांची सुरभी बापाला शाळेतलं सांगून दोन मिनिटांत खेळायला पळायची. मी दाराच्या आत बसायचे. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला ती कोणी लादली नाही, पण मोडायचं कारणही कधी पडलं नव्हतं. ढोरांचं बोलणं संपलं की फोन माझ्याकडे यायचा आणि मी मागच्या खोलीत जाऊन व्हिडिओ सुरू करायचे.

ढोरांचं बोलणं मात्र लवकर संपायचं नाही.

"बापू, तांबडी पाहिली का? चार दिवस झाले, खात नाही. ताप नाही. साहेबांनाही समजून नाही राह्यलं."

"दूध?"

"एकदम आटलं."

"उभी राहाते तवा कोपरं बाहेर काढते का?"

फुलसिंगांनी तिकडे कोणाला तरी विचारलं. मग, "हो. काढते."

"तिले उतारावरून चालव. खाली उतरताना कण्हली तर खिळा गिळला समज. नाहीतर तार."

मंगळवारी फुलसिंगांचा निरोप आला. गाय उतारावर कण्हली. साहेबांनी पोट उघडलं. हाताच्या बोटाएवढा तारेचा तुकडा निघाला. त्या दिवसापासून डॉक्टरसाहेब बापूंना 'यवतमाळचे प्रोफेसर' म्हणू लागले आणि बापू दर रविवारी दाढी करू लागले.

एके काळी बापूंच्या गोठ्यात बेचाळीस जनावरं होती. चराईची रानं बंद झाली, मग ट्रॅक्टर आला, मग गुडघे दुखायला लागले. चार वर्षांपूर्वी शेवटची अकरा विकली. आता गोठ्यात माझ्या चुलतदिराचा, खेमसिंगचा, ट्रॅक्टर उभा असतो. ढोरं गेल्यावर दोन वर्षं बापू जवळजवळ बोललेच नव्हते. सुदानच्या गायींनी त्यांना पुन्हा बोलतं केलं. तिथल्या गायींच्या लांबलचक शिंगांबद्दल ते तांड्यात दहा जणांना सांगायचे. "वावभर शिंग असते रे त्यायचं! आपल्या दारातून आत येणार नाई!"

पण एक गोष्ट दिवाळीनंतर माझ्या ध्यानात आली. याडी शेंगा सोलता सोलता उगीच बडबडायच्या.

"ह्या पांढरीच्या नाकाले काय वाहून राह्यलं बाप्पा."

"चूप राय. मले दिसते." मग बापू फोनकडे वळून गंभीरपणे म्हणायचे, "फुलसिंग, पांढरीच्या नाकातून पाणी येऊन राह्यलं, तिचं पहिले सांग."

"अन् ही लंगडी कोण म्हणाची? मागचा डावा उचलूनच धरला बिचारीनं."

"तुले कोणी विचारलं का? फुलसिंग, त्या लंगडीच्या मागच्या डाव्या खुरात पाहा."

याडी कधी मान वर करून माझ्याकडे पाहायच्या नाहीत. पण एकदा बापू हात धुवायला गेले तेव्हा त्या सोल्यांच्या टोपलीकडे पाहत म्हणाल्या, "तू काही बोलू नको व पोरी. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणते, डोळ्यावर पट्टी बांधून बसलो तर एक रविवार जाईल माह्यावाला."

मी यवतमाळला चौकशी करून ठेवली होती. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची असते. पण बापूंचं एकच उत्तर होतं, फुलसिंग आला की पाहू.

आणि फुलसिंग येणार की नाही, हाच प्रश्न होता. एप्रिलमध्ये त्यांच्या नोकरीची पंधरा वर्षं भरत होती. इथून पुढे पेन्शन घेऊन घरी येता येतं, नाहीतर आणखी राहतो म्हणून लिहून द्यायचं. लिहून दिलं तर देशात परतल्यावर सीमेवरची एखादी छावणी, नाहीतर साहेबांच्या शिफारशीने पुन्हा असंच परदेशातलं पथक. कागद जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी द्यायचा होता. नोव्हेंबरपासून ते दर रविवारी मला विचारत होते, आणि मी दर रविवारी म्हणत होते, "बापूंना विचारा." बापूंना विचारलं की ते म्हणायचे, "सरकारी काम आहे. माह्यावाल्यानं काय होते? तुह्या बायकोले विचार."

मी उत्तर देत नव्हते याची कारणं होती. एक कारण बाजेवर बसलेलं होतं, दाढी करून. दुसरं असं की फुलसिंगांचं काम खरं होतं. ऑक्टोबरात त्यांनी मला लसीकरणाचा दिवस सांगितला होता. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन वस्त्या त्या दिवशी एकाच जागी आल्या. माणसं दोन बाजूंना उभी, हातात काठ्या, आणि मधून ढोरांची एकच रांग. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. "काही झालं नाही, हेच झालं बघ," असं ते म्हणाले होते. अशा माणसाला सोडून ये म्हणायला आपल्याकडे तेवढ्या वजनाचं कारण पाहिजे, आणि सातशे चौदा हा आकडा मला त्या मानाने हलका वाटत होता.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी खेमसिंग मोबाइल घेऊन ओसरीवर आला. खेमसिंगला मोबाइलवर काही वाचलं की ते पोटात राहत नाही.

"वहिनी, ऐका! एका एका जवानामागं महिन्याले किती डॉलर लागते माहीत आहे? जगाच्या पैशातून मिळते म्हणे, पण तेही उशिरा. तोवर आपल्याच देशानं खर्च कराचा. गाड्या आपल्या, तंबू आपले, औषधं आपली. कायले? आपल्या दिग्रसच्या म्हशीले इंजेक्शन द्याले माणूस भेटत नाही!"

"तुह्या म्हशीले काय झालं?" बापूंनी विचारलं.

"काही नाही झालं. मी एक बोलून राह्यलो."

"मग बोलू नको. फुलसिंग, मले हे सांग, तिकडं पीठ कुठून येते?"

फोनवर फुलसिंग होतेच. "जहाजानं येते बापू, आफ्रिकेच्या बंदरावर. तिथून ट्रकनं. पाऊस झाला की रस्ता बंद, मग नदीतून पडावानं."

"म्हणजे लदेणीच झाली ना ही!" बापू बाजेवर सरसावून बसले. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांच्या मागे मुलूखभर फिरत, त्याला लदेणी म्हणतात. बापूंनी ती पाहिलेली नाही, त्यांच्या आज्याने पाहिली होती. पण बापू ती कालच संपल्यासारखे बोलतात. "किती माणसं तुम्ही?"

"आठशे धरा."

"माणशी दिवसाले किलोभर पीठ-डाळ. बैल पाठीवर क्विंटल नेते. रोजचे आठ बैल."

खेमसिंगने मोबाइलवर हिशेब काढायला घेतला, तोवर बापू पुढे गेले. "महिन्याचे दोनशे चाळीस. वाट तीन महिन्यांची म्हटली तर सातशे वीस बैल कायम वाटेवर. अन् त्या बैलांचं वैरण? जिथं गवत नाई तिथं वैरण वाहाले आणखी बैल. अन् त्या बैलांचं वैरण?"

"संपतच नाही हे," खेमसिंग म्हणाला.

"संपत नसते बाबू. फौज दूर ठेवली की तिच्या मागची वाटही पोसा लागते." बापू पाय वर घेऊन बसले. "एक बरं होतं पण. आपली बाई, पोरं, चूल, कुत्रं, समदं सोबत चाले. ते ओझ्यात धरत नसत कोणी. जिथं मुक्काम, तिथं घर." मग त्यांनी आवाज बदलला. "हं, फुलसिंग, त्या काळ्या कालवडीचं काय झालं?"

याडींचे हात शेंगांवर थांबले होते. पुन्हा सुरू झाले.

पुढचा रविवार शेवटचा. बुधवारी कागद द्यायचा होता. त्या दिवशी याडी घरी नव्हत्या. पुसदला त्यांच्या भावाला बरं नव्हतं म्हणून शनिवारीच गेल्या होत्या आणि सकाळच्या एसटीने येणार होत्या. जाताना मला म्हणाल्या होत्या, "बारापर्यंत येतेच मी. नाई आली तर फोन उशिरा कराले सांग." मी सांगायला विसरले नाही. मी मुद्दाम सांगितलं नाही. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

बारा वाजता फोन आला. बापूंनी आपला मोबाइल चार बोटांवर धरला.

"बापू, फोटो पाहिला का?"

"पाहून राह्यलो." बापूंनी एकदा शेजारी पाहिलं, जिथे याडी बसायच्या तिथे. मग पुन्हा मोबाइलमध्ये. मोबाइल डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मी दारातून पाहत होते. फोटोत एक गाय उभी होती, तिच्या मानेवर सूज होती, आणि मागे राखेचा मोठा ढीग होता. त्या लोकांच्या ढोरांच्या तळावर शेणी जाळतात आणि ती राख माश्यांसाठी जनावरांच्या अंगाला फासतात, हे फुलसिंगांनी आम्हाला कितीदा सांगितलं होतं.

"ही भुरकी," बापू शेवटी म्हणाले. "बसलीच आहे. हिले उठवून पाहा आधी. किती दिवस झाले बसून?"

"कोणती भुरकी, बापू?"

"ही काय, मागं. पोट फुगलं तिचं. दिसून नाई राह्यलं का तुले?"

"बापू," फुलसिंग हळू म्हणाले, "ती राख आहे."

बापूंनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "मग तिले औषध नको देऊ." आणि हसले. तिकडून फुलसिंगही हसले. हसणं दोघांचंही सारखंच होतं, तिसऱ्या माणसाला ऐकवायला असतं तसं.

"फोन समीक्षाले द्या बापू," फुलसिंग म्हणाले.

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून जास्त. डाव्याने आता फक्त उजेड कळत असेल. याडी सांगायच्या, म्हणून चालून जायचं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्हाला मलेरिया झाला होता, ते कुठे सांगितलंत? सप्टेंबरात तीन रविवार तुमच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. तुम्ही म्हणालात, तिथला उजेडच तसा आहे. मागची भिंत मात्र पांढरीच होती. याडींना मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तुला काळजी वाटली असती."

"बापूंनाही तेच वाटलं असेल."

ते म्हणाले, "बुधवारी कागद द्यायचा आहे, समीक्षा. तू अजून काही बोललीच नाहीस."

"तुम्ही ठरवा ना. नोकरी तुमची."

"मी ठरवलं तर मी राहीन." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. "इथं उठलं की काम असतं. ढोर बरं झालं की त्याचा मालक माझ्या कपाळाला हात लावून जातो. माझ्या एकट्याचं विचारशील तर मी राहीन. म्हणून तर तुला विचारून राह्यलो. तीन महिने झाले."

राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत ते माझ्याशी इतकं खरं क्वचितच बोलले होते. फोनवर आम्ही दोघंही बरं तेवढंच सांगायचो, आणि बरं तेवढंच सांगत गेलं की समोरच्याला वाटतं, सगळं आपल्यावाचून नीट चाललं आहे.

बाहेर याडींचा आवाज आला. फाट्यावरून चालत आल्या होत्या, धापा टाकत.

"फोन येऊन गेला का? मी म्हटलं होतं ना थांबा म्हणून!"

मी फोन तसाच हातात धरून ओसरीवर आले. बापू बाजेवर बसून होते, मोबाइल मांडीवर पालथाच.

"काय झालं?" याडींनी विचारलं.

"राखेचा इलाज केला मी," बापू म्हणाले.

याडींनी पिशवी खाली ठेवली. काय झालं ते त्यांना न सांगता कळलं. त्या बापूंच्या जवळ जाऊन बसल्या, नेहमीच्या जागी. टोपली नव्हती, म्हणून हात मोकळे होते. ते कुठे ठेवावे हे त्यांना कळेना.

"चार महिने मी सांगून राह्यली, दवाखान्यात चला, दवाखान्यात चला."

"म्हणजे तू मले खेळवून राह्यली होती?"

"मी खेळवून राह्यली होती? तुम्हीच चूप राय, चूप राय करत माह्यं ऐकत होते ना!"

"तार मी ओळखली," बापू म्हणाले. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "ते तर खरं ना?"

मी सहसा त्यांना उत्तर देत नाही. पण ते मला विचारत होते. "खरं आहे बापू. ते तुम्ही न पाहताच ओळखलं होतं. कोपरं बाहेर आहेत का, ते तुम्ही विचारलं. फोटोत ते दिसतही नव्हतं."

बापूंनी मान हलवली. बरं वाटलं त्यांना, पण पूर्ण नाही.

फोन चालूच होता. त्यातून फुलसिंग म्हणाले, "बापू, ऑपरेशन करून घ्या. या आठवड्यातच."

"तू आला की पाहू."

"केव्हा येऊ मी?"

"ते सरकारले माहीत. तुह्या बायकोले विचार."

याडी माझ्याकडे वळल्या. आम्ही एका घरात नऊ वर्षं राहतो, पण त्यांनी असं सरळ माझ्या डोळ्यांत क्वचितच पाहिलं असेल. "ह्या म्हाताऱ्याचा रविवार जाईल म्हणून तू बोलत नाई, हे मले समजते. मीही तेच करून राह्यली ना. पण ह्या ढोरांपायी घरात एकालेही खरं बोलता येऊन नाई राह्यलं. ह्यायले दिसत नाई, हे लपवा. त्याले ताप आला, तो लपवा. तुले एकटं वाटते, ते लपवा. किती दिवस पुरवाचं हे?"

"कोणाले ताप आला?" बापूंनी विचारलं.

बापूंनी एकदा फोनच्या दिशेने पाहिलं, एकदा माझ्या. मी त्यांना कितपत दिसत होते कोण जाणे. मग ते स्वतःच म्हणाले, "मले काय, मी खेमसिंगची म्हैस पाहीन. तिले काही तरी होईलच." आणि डोक्याचा फेटा सारखा करू लागले.

मी उभीच होते. आकडा तोच होता, सातशे चौदा. त्यात काही वाढलं नव्हतं. फक्त तो हलका आहे असं मी एकटीनेच ठरवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. समोरच्या पारड्यात जे होतं ते खरंच मोठं होतं. ते मोठं आहे म्हणून माझं नव्हतंच, असं मात्र होत नाही.

"समीक्षा?" फोनमधून आवाज आला. "आहेस का?"

"आहे," मी बापूंसमोरच म्हणाले. "कागदावर लिहा, पुढे राहायचं नाही. एप्रिलमध्ये घरी या. मला तुम्ही इथे पाहिजे आहात."